एकही टाका नाही

फॉर्मवर नर्सनं लिहून घेतलं:
हिरकणा प्रल्हाद फेगडे, वय बेचाळीस, राहणार सावदा.
धंदा?
पिशव्या शिवते, म्हटलं.
ती हसली, मग मीही हसले,
आले होते तीसुद्धा पिशवीसाठीच.

आमच्याकडे गर्भाशय कोणी म्हणत नाही.
पिशवीला सूज आली, पिशवी खाली सरकली,
पिशवी काढून टाकली एकदाची.
आमच्या आळीत मोजायला बसले
तर अकरा बायकांवर बोटं संपली
आणि मी मोजणं सोडून दिलं.

सात महिने अंगावरून जात होतं.
मशीनच्या स्टुलावर गोधडीचा तुकडा,
सगळे परकर गडद रंगाचे,
लग्नकार्यात मागची खुर्ची.
हिमोग्लोबिन सात पॉइंट चार.
जिना चढले की कानात मोटर चालायची.

जळगावच्या डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफीवर पेनानं गोल काढला.
आतल्या अस्तराला लागून ही गाठ, बोराएवढी.
अस्तर म्हटल्यावर मला कळलं.
अस्तराला गाठ आली म्हणून
आख्खी पिशवी कोण फेकतं?
पोट कापायचं नाही, त्या म्हणाल्या,
खालच्याच वाटेनं दुर्बीण जाईल, पेन्सिलीएवढी,
पाणी सोडून जागा करू,
तारेच्या कडीनं गाठ तासून काढू, थोडी थोडी.
टाके किती?
एकही नाही.
हे काही मला पटलं नाही.
टाका नाही तर काम पक्कं कसं?

त्यांनी गोड बोलून काही लपवलं नाही.
गाठ परत होऊ शकते. क्वचित इजा होते.
तुकडा तपासायला जाईल, आठ दिवस वाट पाहावी लागेल.
तेव्हा शेजारी बसलेली माझी मोठी जाऊ, द्वारका,
जिची बत्तिसाव्या वर्षीच काढली,
डब्याची कडी लावत काढत म्हणाली,
मॅडम, माझीबी अशीच निघाली असती का? नुसती गाठ?
बाईंनी चष्मा काढला.
तुमचे जुने कागद आहेत का, एवढंच विचारलं.
कागद नव्हते.

रात्री दहानंतर घोटभर पाणीही नाही.
मे महिना, आणि जळगाव.
सकाळी पाठीत सुई,
मग कंबरेखालची मी
कुणाच्या तरी ओट्यावर ठेवून आल्यासारखी.
पडदा माझ्याकडे वळवा म्हटलं.
भूल देणारे डॉक्टर म्हणाले, घाबराल.
नाही घाबरले.
केळफुलाची पहिली पाकळी सोलावी
तसा रंग होता आत, ओला, उजेडाचा.
गाठ पांढुरकी, हटवादी.
तिचे काप सुटून पाण्यात फिरायला लागले,
आणि नर्स दुकानदारासारखी मोठ्यानं सांगत होती
पाणी आत किती गेलं, बाहेर किती आलं.
हिशेब जुळत होता.
मला वाटलं होतं अंधार असेल.

पाय परत आले ते मुंग्या घेऊन.
पोटात कळ, पाळीच्या दुसऱ्या दिवसासारखी,
ओळखीची, म्हणून चालली.
चार-आठ दिवस डाग दिसतील,
ताप आला, फार गेलं, तर लगेच फोन करा.
बादली उचलायची नाही.
आणि दोन आठवडे लांब राहायचं, नर्स म्हणाली,
सरळ प्रल्हादच्या तोंडाकडे बघून.
तो पंखा बघत बसला,
जसा काही दुरुस्तीला त्यालाच आणलंय.

रात्री आठला गाडी निघाली.
भुसावळ सोडलं, तापीच्या पुलावर वारा लागला,
तेव्हा द्वारका कानाशी येऊन म्हणाली,
दिसली का वं तुले? कशी व्हती?

तिच्या पोटावर वीतभर व्रण आहे.
अंघोळीला पाठ चोळताना
मी कितीदा पाहिलाय, टाके मोजलेत,
घाईचे, तिरपे, माझ्या हाताखालच्या पोरीलाही
मी उसवायला लावले असते.
आतलं तिला कोणी दाखवलं नव्हतं.

केळफुलासारखी, म्हटलं.

बरं, म्हणाली.
फैजपूर येईपर्यंत दुसरं काही बोलली नाही.

रिपोर्टला अजून पाच दिवस आहेत.
सकाळी दारात दोन बादल्या भरलेल्या असतात,
मी उठायच्या आधी,
कोणी ठेवल्या ते विचारायचं नाही.